४ वर्षांच्या मुलीचे केस तिच्या नायजेरियन वडिलांसारखे आहेत, विंचरताना फार रडते. स्मूदनिंग कोणत्या वयात करता येईल आणि रोज कोणतं तेल लावावं?

स्मूदनिंग, म्हणजे रसायनांनी केस सरळ करणं, नकोच. मोठी झाल्यावर तिला वाटलं तर तिचं ती बघेल.

माझा नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन, आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक आता ९ वर्षांची आहे. ती ५ वर्षांची असताना भाच्याच्या मुंजीला साताऱ्याला गेलो होतो. आदल्या दुपारी प्रवासाच्या शिणाने माझा डोळा लागला, तेवढ्यात ताई तिला पार्लरमध्ये घेऊन गेली. फोटोत नीट दिसू दे म्हणून. मी उठले तर लेक दारात उभी, केस खांद्याखाली ताठ सरळ आणि घरभर जळका वास. एकेका बटेवरून पाच-सहा वेळा स्ट्रेटनर फिरवला होता. जमलेल्या बायका म्हणाल्या, "आता कशी आपली दिसते!" म्हणजे सकाळपर्यंत ती आपली दिसत नव्हती.

आठवड्याने न्हाऊ घातलं. मागचे केस पाणी लागताच आत वळले, कपाळावरच्या बटा मात्र केरसुणीच्या काड्यांसारख्या लोंबत राहिल्या. एवढ्या उष्णतेने केस आतून मोडला की त्याचं वळण परत येत नाही, तो कापावाच लागतो. पुढची दोन वर्षं आम्ही बोटबोटभर कापत होतो. ती आरशासमोर बसून ओल्या बटा बोटावर गुंडाळायची आणि सोडून बघायची, वळतात का.

हे केस कसे सांभाळायचे ते मला सासूबाईंनी शिकवलं. त्यांच्या लहानपणी लोखंडी कंगवा गॅसवर तापवून केस सरळ करायचे, त्याचा डाग त्यांच्या कानामागे अजून आहे. कॉलेजात गेल्यावर त्यांनी अ‍ॅफ्रो वाढवला तो कायमचाच. रविवारी त्या नातीला दोन गुडघ्यांमध्ये उशीवर बसवतात. डोक्याचे चार भाग, तिघांना चाप. चौथा पाण्याने चिंब करून कंडिशनर चोपडायचा, बोटांनी गुंता सोडवायचा, मग रुंद दातांचा कंगवा, तोही टोकाकडून मुळाकडे. कोरड्या केसांत फणी घातली तर कुठलंही मूल रडेल. शेवटी दोन-दोन पेडांचे पीळ घालायचे आणि आठवडाभर हात लावायचा नाही. रात्री सॅटिनची टोपी, कारण सुती उशी केसांचा ओलावा शोषते.

आपल्याकडे प्रत्येक केसावर 'तेल लावा' हेच उत्तर. टाळूचं तेल इतक्या वळणांवरून टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून हे केस कोरडे. पण तेल म्हणजे ओलावा नव्हे. आधी पाणी, मग क्रीम, वरून थोडं तेल. खोबरेल न्हाण्याआधी लावा, एरंडेल टोकांना. सासूबाईंकडे भाजलेल्या बियांचं जमैकन एरंडेल असतं, तेही आपल्या आजीच्या बाटलीतल्यासारखंच चिकट.

ताई अजून म्हणते, जावळ वेळेवर काढलं असतं तर केस सरळ आले असते. वस्तरा फिरवून टाळूतल्या मुळाचा आकार बदलत नाही, आणि या केसांचं मूळच वक्र असतं. नवऱ्याच्या लॉक्सना, म्हणजे दोरीसारख्या वळलेल्या बटांना, ती 'जट' म्हणते. आपल्याकडे जट आली की देवीचं बोलावणं समजून केस धुवायचे नाहीत, विंचरायचे नाहीत. त्यापायी किती मुली देवाला सोडल्या गेल्या. ती जट सोडवायलाच हवी. लॉक्स मात्र मुद्दाम वळलेले असतात, धुतले जातात. आमच्या न्यू जर्सी राज्यात २०१८ मध्ये एका शाळकरी कुस्तीगिराचे लॉक्स, कापले नाहीत तर सामना हरलास असं सांगून, तिथेच कापले गेले. बरोबर वर्षाने, डिसेंबर २०१९ मध्ये, अशा केसांवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला. मी तो ताईला पाठवला होता. तिने उत्तर दिलं नाही.

दोन गोष्टी राहिल्या. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ३३,४९७ स्त्रियांच्या अभ्यासात, रसायनांनी वारंवार केस सरळ करणाऱ्यांत गर्भाशयाचा कर्करोग जास्त आढळला. त्यावरून रसायन हेच कारण असं सिद्ध होत नाही, पण मला तेवढं पुरेसं आहे. आणि वेण्या घट्ट घालू नका; कपाळाच्या कडेला पुळ्या आल्या तर लगेच सोडा, नाहीतर तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

केस लांब दिसायला हवे असतील तर मुलीच्या वडिलांकडच्या बायकांना विचारा. नायजेरियातले योरुबा लोक बट मुळापासून टोकापर्यंत काळ्या दोऱ्याने गुंडाळतात, त्याने उष्णतेशिवाय केस ताणले जातात. इरुन किको म्हणतात त्याला.

मे महिन्यात ताईच्या मुलीचं लग्न आहे. लेकीने ठरवलंय, केस पूर्ण मोकळे, भोवती मोगऱ्याचा गजरा. ताईला मी आत्ताच कळवलंय, गजरा दोन हात लांब हवा.