‘कृष्णविवराच्या झोतावर पोट भरेल का?’

संगमनेरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला. गेल्या फेब्रुवारीत खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्राचं विज्ञान प्रदर्शन बघून आली, आणि तेव्हापासून जेईईची पुस्तकं बाजूला ठेवून दीर्घिकांमधून निघणाऱ्या ‘जेट’बद्दल वाचत बसते. ते विचारतात, ‘इंजिनिअर झाली तर निदान नोकरी लागेल. यावर पोट भरेल का?’

नमस्कार. पोटाकडे येतोच, पण तिला भुरळ कशाची पडलीय ते आधी बघा. एम87 ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. 1918 साली हेबर कर्टिस यांना तिच्या गाभ्यातून निघालेली एक सरळ रेघ दिसली. तेच जेट. सुमारे 650 कोटी सूर्यांच्या वजनाच्या कृष्णविवराजवळून सुटलेला, हजारो प्रकाशवर्षं लांबीचा झोत. त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओ लहरींपासून क्ष-किरणांपर्यंत सगळं बाहेर टाकतात, आणि साध्या प्रकाशकणांना धडकून त्यांचे गॅमा किरण करतात. या इलेक्ट्रॉनांना एवढा वेग येतो कुठून? झोतातल्या धक्कालाटांमधून, की चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळताना? यावर अजून वाद आहे, म्हणजे तुमच्या मुलीसाठी काम शिल्लक आहे.

आता पोट. आयसर या विज्ञान-संशोधन संस्थांत जायचं तर आयएटी ही प्रवेश परीक्षा, तशाच मुंबईच्या सीईबीएस या संस्थेसाठी नेस्ट. दोन्हींचा अभ्यास जेईईशी बराच जुळतो, तेव्हा ती पुस्तकं रद्दीत घालू नका. नाहीतर जवळच्या कॉलेजात बीएस्सी आणि मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. एमएस्सीपर्यंत पाच वर्षं, पुढे पीएचडीची पाच-सहा. पीएचडीत संशोधनवृत्ती मिळते. 2023 पासून सुरुवातीला महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, बहुधा परदेशात. कायमच्या जागा मोजक्याच, हे तिच्यापासून लपवू नका. पण हे क्षेत्र सोडून बाहेर पडलेली मुलं बेकार बसलेली मी पाहिली नाहीत. प्रोग्रामिंग आणि संख्याशास्त्र हाताशी असतं, त्याला बँकांपासून इस्पितळांपर्यंत गिऱ्हाईक आहे.

मला काळजी वेगळीच वाटते. हे काम दुर्बिणीला डोळा लावून होत नाही. लडाखमध्ये हानले इथे, सव्वाचार हजार मीटरच्या वर, 21 मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण आहे. गॅमा किरण हवेत शिरला की काही नॅनोसेकंदांपुरती निळसर चमक उठते, ती मेस टिपते. पण टिपलेल्या बहुतेक चमका वैश्विक किरणांच्याच, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या असतात. तांदळातले खडे निवडतात ना, तसंच; फक्त इथे पोतंभर खडे आणि मूठभर तांदूळ. हे निवडणं महिनोन् महिने, कॉम्प्युटरसमोर बसून. ज्याला त्यात गंमत वाटत नाही त्याने एम87 चे फोटो भिंतीवर लावावेत आणि खुशाल इंजिनिअर व्हावं.

म्हणून बारावीची परीक्षा संपली की तिला एक काम द्या. फर्मी उपग्रह 2008 पासून गॅमा किरण मोजतोय आणि त्याची माहिती कुणालाही फुकट मिळते. त्यातून मार्केरियन 421 या दीर्घिकेचा पाच वर्षांचा तेजाचा आलेख पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत काढायचा, आणि तेज अचानक कधी उसळलं त्या तारखा शोधायच्या. शिकवायला कुणी नको, अडेल तिथे अडू द्या. तीन आठवड्यांनंतरही ती त्याच खुर्चीत असेल, तर आलेख जोडून मला पुन्हा लिहा. मग पीएचडीच्या प्रवेश परीक्षांचं बोलू.