पहिली सुई तपासणीची

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. वय ५४. निपाणीत तीस वर्षं विड्या वळते. दोन वर्षांपासून मान उजवीकडं वळत नाही. दुखणं खांद्याच्या फऱ्यापर्यंत उतरतं, हातात जात नाही. एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली (सी ५-६) गादी सरकलीय. एका दवाखान्यात मणक्यातल्या तीन इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलंय, पैसे आधी. मला शुगर आहे. शेजारीण म्हणते, मानेत सुई घेतली की माणूस लुळं पडतं. काय करू?

उत्तर: ताई, पैसे भरू नका. माझी आईही विड्या वळायची. छाट, म्हणजे नापास विड्या, निघू नये म्हणून दिवसभर नजर सुपात, त्यामुळं तुमची मान मला न बघताच दिसते.

गादीवर लगेच खापर फोडू नका. काहीच दुखत नसलेल्या तुमच्या वयाच्या माणसांच्याही गाद्या सरकलेल्या दिसतात. शीर दबली तर बहुधा कळ, मुंग्या हातात उतरतात. तुमचं दुखणं फऱ्यात थांबतं, म्हणून माझा संशय मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांवर आहे.

तो खरा की खोटा हे सुईच सांगते. सी-आर्म या एक्स-रे यंत्रावर बघत सांध्याच्या बारीक शिरेजवळ थेंबभर भूल सोडतात. मग घरी जाऊन तासभर सूप घेऊन बसायचं. दुखणं काही तास जवळजवळ गेलं, तर सांधा सापडला. दुसऱ्या दिवशी नव्हे, काही दिवसांनी हेच पुन्हा करायचं. एकदाचा गुण आशेचाही असतो. दोन्ही वेळा गुण आला तरच पुढं रेडिओफ्रीक्वेन्सी: सुईचं टोक साधारण ८० अंशांवर तापवून ती शीर बधिर करतात. १९९६च्या एका छोट्या चाचणीत, गाडीच्या अपघातानंतर मान धरलेल्या २४ जणांत, निम्मं दुखणं परतायला साधारण २६३ दिवस लागले. सुई न तापवता केलेल्या खोट्या उपचारात ८ दिवस. शीर पुन्हा वाढते, दुखणं परत येऊ शकतं. शिवाय २०२५ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या तज्ज्ञांच्या शिफारशी जुनाट दुखण्यात या सुयांच्या विरोधात आहेत. वेदनातज्ज्ञांना ते पटलेलं नाही. मी म्हणतो, आधी सहा आठवडे फिजिओकडून मानेचे व्यायाम, आणि सूप मांडीवरून उंच पाटावर.

शेजारीण अगदीच चुकीची नाही. मणक्याभोवती स्टिरॉइड सोडल्यावर क्वचित लकवा येतो. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१४ मध्ये तशी ताकीद दिली. तुमच्या तपासणीला स्टिरॉइड लागतच नाही, म्हणजे त्यानं शुगर चढायची भीतीही गेली. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. संमतीपत्र बहुतेक कन्नड नाहीतर इंग्रजीत असेल. मराठीत वाचून घेतल्याशिवाय अंगठा, सही काही नको.

आणि दोरा बांधताना बोटं चुकायला लागली, चालताना तोल गेला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर सुई, व्यायाम सगळं बाजूला. त्याच दिवशी मणक्याच्या सर्जनला गाठा.