रोल केज करायचाय? पाईपच्या आधी खालचा पत्रा बघ

प्रश्न : नमस्कार काका, मी डिचोलीला राहतो. जुनी मारुती एस्टीम घेतलीय, ऑटोक्रॉससाठी (बंद ट्रॅकवर एकेक गाडी वेळ लावून पळवतात ती शर्यत) तयार करतोय, सीट कार्पेट सगळं काढून झालं, आता रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी छप्पर चेपू नये म्हणून आत बसवतात तो पाईपचा सांगाडा, करायचाय. तयार केज मागवायला परवडत नाही. ओळखीचा वेल्डर आहे, ग्रिल आणि गेट करतो, तो म्हणतो दीड इंची जीआय पाईप घाल, सी क्लासचा, जाड असतो, कांयच जावचें ना (काहीच होणार नाही). तर पाईप नक्की किती जाडीचा घेऊ? आणि केज बसवल्यावर हीच गाडी रोज कामावर न्यायला चालेल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : मित्रा, तुझ्या पत्रात पाईपची जाडी आहे, पाईपचा क्लास आहे, पण केजचे पाय कुठे टेकणार हे कुठेच नाही, म्हणून मी तिथूनच सुरू करतो. गाडी उलटली की सगळा भार पाईपमधून खाली पायांत उतरतो आणि पायाखाली काय असतं, तर जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा, आणि तुझी गाडी गोव्यात जुनी झालेली, म्हणजे चार महिने पाऊस आणि वर्षभर खारी हवा खाल्लेली. कार्पेटखाली डांबराचा काळा थर असतो ना, तो खरवडून काढ, गाडी स्टँडवर घे आणि दाराखालचा सिल जिथे फ्लोअरला मिळतो तिथे जाड स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचत जा, पुढून मागे, दोन्ही बाजूंनी. टण्ण आवाज आला तर ठीक. पण टोक आत गेलं आणि तपकिरी भुगा पडायला लागला तर केजचं काम तिथेच थांबव, चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढ आणि नवीन पत्रा वेल्ड करून घे, वर पुट्टी किंवा फायबर थापून चालणार नाही.

हे एवढं लांबण लावून सांगतोय कारण मी एक उलटलेली गाडी स्वतः वाकून बघितलीय. केज जसाच्या तसा, एक वेल्ड सुटलेला नाही, पण उजवा पुढचा पाय फ्लोअर फाडून चार बोटं खाली उतरला होता आणि तेवढंच छप्पर ड्रायव्हरच्या डोक्याकडे आलं होतं. मिरामारच्या वाळूत मंडपाचा खांब नुसता उभा केला तर रुततोच, खाली फळी घातली तर राहतो, तसंच हे आहे. एफआयए म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना, तिच्या नियमांतल्या अपेंडिक्स जे मधल्या आर्टिकल २५३ मध्ये यासाठी आकडे दिलेत, मेन हूप (सीटमागची मोठी कमान) आणि पुढच्या पायांखाली किमान १२० चौरस सेंटीमीटरची, ३ मिमी जाडीची रीइन्फोर्समेंट प्लेट, म्हणजे साधारण आपल्या पोस्टकार्डाएवढी, आणि पाय बोल्टने बसवणार असशील तर प्रत्येकाला किमान तीन एम८ (८ मिमीचे) बोल्ट, ताकदीला ८.८ ग्रेडचे. मी तर म्हणेन प्लेट नुसती फ्लोअरवर आडवी ठेवू नकोस, वाकवून सिलच्या उभ्या बाजूवरही चढव आणि दोन्हीकडे वेल्ड कर, सगळ्यात मजबूत पत्रा तिथेच असतो.

आता पाईप. जीआय नको, अजिबात नको. तो पाणी वाहून न्यायला केलेला शिवणीचा पाईप आहे, वर जस्त आहे, वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडीताप भरतो आणि वेल्डमध्ये बारीक भोकं राहतात ती वेगळीच. शिवाय दीड इंची हे नुसतं नाव, बाहेरून मोजलास तर ४८.३ मिमी भरतो. तुला लागणार सीमलेस (बिनशिवणीची), कोल्ड ड्रॉन (थंड ओढून केलेली), साध्या कार्बन स्टीलची ट्यूब, दुकानात सीडीएस म्हणून माग, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी, आणि टेस्ट सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. माप त्याच आर्टिकलमधलं : मेन हूपला ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी, बाकीच्या ट्यूबना ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमी. तिथेच व्हर्नियर लावून दोन्ही टोकांची जाडी बघ.

तुझा वेल्डर जाडीवर अडलाय, पण ताकद व्यासात जास्त असते. ४५ ची ट्यूब ३८ च्या ट्यूबपेक्षा, भिंत दोन्हीची २.५ धरून, वजनाला साधारण २० टक्के जास्त पण वाकायला ७० टक्के जड. आणि २५ मिमीचा भरीव रॉड घेतलास तर तो मीटरला पावणेचार किलोच्या वर जातो, ३८ ची पोकळ ट्यूब सव्वादोन किलोच्या आतच, तरी ती त्या रॉडच्या दुपटीपेक्षा जास्त ताठ राहते.

वाकवण्यात बरेच केज बिघडतात. प्लंबरचा हायड्रॉलिक बेंडर वापरू देऊ नकोस, त्याच्या डाय पाण्याच्या पाईपच्या मापाच्या असतात, ४२.४ नाहीतर ४८.३, तुझी ४५ ची ट्यूब त्यात सैल बसते आणि बेंडवर चपटी होते. वाळू भरून गॅसने लाल करून वाकवतात तेही नाही, बेंड थंडच हवा. बेंडची त्रिज्या ट्यूबच्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे ४५ ला १३५ मिमी, आणि बेंडवर ट्यूब थोडी लंबगोल झालीच तर लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ च्या खाली जाता कामा नये. मेन हूप एकाच अखंड ट्यूबचा, मध्ये जोड नाही.

डिझाईन म्हणशील तर आपल्या कौलारू घराची कैची आठव. चार काठ्यांची चौकट कोपऱ्यातून ढकलली की तिरकी पडते, तिरपी काठी मारली की त्रिकोण होतात आणि मग हलत नाही. म्हणून मेन हूपमध्ये डायगोनल म्हणजे तिरपी ट्यूब, दारांत एक्स, छपरातही तिरपी ट्यूब, आणि मागचे दोन बॅकस्टे (मेन हूपला मागून टेकू देणाऱ्या ट्यूब) सरळ, कुठेही न वाकवता, उभ्या रेषेपासून किमान ३० अंश मागे. मध्येच लोंबकळणारी, जिची दोन्ही टोकं सांध्यात येत नाहीत अशी ट्यूब दिसायला भारी पण कामाची नाही. बेल्टचा आडवा बार विसरू नकोस, खांद्याचे पट्टे त्यावरून मागे जाताना १० अंशांपेक्षा जास्त खाली उतरू नयेत अशी शिफारस आहे, फार खाली उतरले तर आदळल्यावर मणका दाबला जातो.

वेल्डिंगला ग्रिलवाला नको, तो चांगला माणूस असेल पण त्याचा हात गेटचा आहे. आपल्याकडे झुवारीच्या काठाला बार्ज दुरुस्तीची यार्डं आहेत, तिथे पाईप वेल्डिंगची ६जी टेस्ट (तिरक्या पक्क्या पाईपला सगळीकडून वेल्ड करायची कठीण परीक्षा) पास झालेले वेल्डर मिळतात, त्यातला टिग (आर्गन गॅसचं वेल्डिंग) करणारा शोध, सुट्टीच्या दिवशी येईल. ट्यूबचं टोक फिशमाऊथ, म्हणजे दुसऱ्या ट्यूबच्या गोलाईला बसेल असं माशाच्या तोंडासारखं, कापून असं बसव की मधून उजेड दिसू नये, फट वेल्डने भरून काढायची नसते. आधी उरलेल्या तुकड्यांचा एक सांधा करायला लाव, हॅकसॉने मधोमध काप, वेल्ड आतपर्यंत शिरलाय का बघ, दुसरा सांधा घणाने ठोक, ट्यूब चेपायला हवी, वेल्ड सुटायला नको.

आणि एक गोष्ट बहुतेकांची राहून जाते. केज छपराला चिकटून बसवावा लागतो, मग वरच्या सांध्यांची छपराकडची बाजू वेल्डच होत नाही, अर्धाच वेल्ड मारून वर रंग लावतात, दिसत नाही पण सांधा अर्धाच असतो. वेल्ड ट्यूबच्या पूर्ण घेराला हवा. उपाय असा की पायांच्या जागी फ्लोअरला आधी भोकं पाडायची, टॅक केलेला (ठिपक्यांनी तात्पुरता जोडलेला) केज त्यातून वीतभर खाली सोडायचा, वरून वेल्डिंगचा टॉर्च घालून वेल्ड सांध्यांभोवती पूर्ण फिरवून घ्यायचा, मग केज उचलून जागेवर आणायचा आणि पायाखाली प्लेटा घालून भोकं बंद करायची. दोन दिवस जास्त जातील, जाऊ देत.

पहिली ट्यूब कापायच्या आधी एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटरस्पोर्टची संघटना) चालू वर्षाचं रूलबुक वाच आणि मापांसकट ड्रॉइंग स्क्रूटिनीअरला (स्पर्धेआधी गाड्या तपासणारा अधिकारी) दाखव.

रोज कामावर नेण्याचं म्हणशील तर नाही. रेसमध्ये तू हेल्मेट घालून सहा पट्ट्यांत घट्ट बांधलेला असतोस, कामावर जाताना डोकं उघडं आणि साधा बेल्ट, साईडने कोणी ठोकलं तर डोकं थेट लोखंडी ट्यूबवर जाणार, जिथे पूर्वी मोकळी जागा होती. वर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, मूळ गाडीत असे बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानेही २०१९ च्या जानेवारीत तेच सांगितलंय. स्पर्धेला गाडी रिकव्हरी व्हॅनवर ने.

प्रश्न : केजच्या पॅडिंगला एसीच्या पाईपवर घालतात तो काळा फोम लावला तर चालतो का? स्वस्तात मिळतो.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही चालत. अंगठ्याने दाबून बघा, लगेच खालचा पाईप लागतो, मग हेल्मेटच्या दणक्याला तो काय अडवणार. हेल्मेट लागू शकेल अशा ठिकाणी एफआयए ८८५७-२००१ टाईप ए किंवा एसएफआय ४५.१ या मानकाचं (तसा शिक्का असलेलं) पॅडिंग लावा, हाताला लाकडासारखं कडक लागतं म्हणून लोक फसतात, पण दणका गिळायला तेवढा कडकपणा लागतो. पैसे कमी असतील तर सगळा केज मढवू नका. सीटवर बेल्ट आवळून बसा, हेल्मेट घाला, मित्राला डोकं धरून चारी बाजूंना ओढायला सांगा, जिथे जिथे हेल्मेट टेकतं तिथे खडूने खूण करा आणि खुणेच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त धरून तेवढंच विकत घ्या.