मुलीला सिनेमासाठी कापड विणायचंय

प्रश्न : माझी मुलगी २१ वर्षांची आहे, वस्त्ररचनेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला. वर्गातल्या बहुतेकांना फॅशनमध्ये नाहीतर गिरणीत जायचंय. हिला मात्र ऐतिहासिक सिनेमांसाठी त्या त्या काळातलं कापड हुबेहूब विणायचंय. सहा महिन्यांपूर्वी तिनं एक जुना हातमाग मिळवला, तेव्हापासून खोलीभर सूत पसरलेलं असतं. नुकतीच तिनं ‘दोन हजार वर्षांपूर्वीची’ म्हणून एक शाल विणली, जाडीभरडी, गाठीगाठींची. कौतुक वाटतं, पण यावर पोट भरतं का? सिनेमावाल्यांना बाजारातलं कापड चालत नाही का? तिनं आधी वेशभूषेचा अभ्यासक्रम करावा असं मला वाटतं. आपलं मत कळवावं.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आधी त्या शालीबद्दल बोलतो, कारण तुमचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे. जुनं कापड म्हणजे जाडंभरडं, हा समज बऱ्याच अंशी सिनेमानंच आपल्या डोक्यात भरवलाय. लंडनच्या पेट्री संग्रहालयात इजिप्तमधल्या तारखानचा एक लिननचा अंगरखा आहे, ५,००० वर्षांहून जुना. त्याच्या कापडात सेंटिमीटरला वीसहून जास्त उभे धागे आहेत, आणि ते सगळं सूत हातानं कातलेलं. लहानपणापासून रोज टकळी फिरवणाऱ्या हातांच्या सुतात गाठी कशाला येतील? गाठी नवशिक्याच्या सुतात येतात. तेव्हा लेकीला एवढंच विचारा, की ही शाल कुठल्या कापडावरून विणलीस? उत्खननात सापडलेल्या एखाद्या तुकड्यावरून, की मनातल्या चित्रावरून? उत्तर ‘मनातल्या’ असं आलं तरी काळजी नको, या वयात ते साहजिक आहे. पण या व्यवसायात पैसे मिळतात ते पहिल्या उत्तराचे.

बाजारातलं कापड चालतं का? पुष्कळदा चालतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. गर्दीतल्या दोनशे माणसांसाठी कुणी कापड विणून घेत नाही. अडतं ते कॅमेरा जवळ जातो तिथं. रंग घ्या. कोळशाच्या डांबरापासून काढलेला पर्किनचा जांभळा रंग १८५६ मधला. त्याआधीचे बहुतेक रंग वनस्पती, किडे नाहीतर खनिजांमधून यायचे. आजचा झगझगीत जांभळा सतराव्या शतकातल्या प्रसंगात ठेवला की कापड जाणणाऱ्याला तो लगेच टोचतो.

रंगापेक्षाही मला पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची, गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मागावर आडवा धागा नेतो तो धोटा. दोरीच्या झटक्यानं पलीकडे जाणारा उडता धोटा जॉन के या इंग्रजानं १७३३ मध्ये आणला. त्याआधी विणकर एका हातानं धोटा फेकायचा आणि दुसऱ्या हातानं झेलायचा. त्यामुळे हात पोचतील तेवढाच पन्हा, आणि त्याहून रुंद हवा असेल तर मागावर दोन माणसं बसवायची. शिंप्याची सगळी बेतणी त्या अरुंद पन्ह्यावरून ठरायची : जोड कुठं द्यायचा, कळी कुठं घालायची. आजचं दीड मीटर पन्ह्याचं कापड घेतलं तर ते जोडच नाहीसे होतात आणि पोशाख ‘कुठंतरी चुकलाय’ असं वाटत राहतं. रुंद कापड फाडून अरुंद करता येईल म्हणा, पण दोन्हीकडचा विणलेला काठ कुठून आणणार?

पिळाचीही गंमत आहे. काही जुन्या लोकरी कापडांत उजव्या आणि डाव्या पिळाचं सूत पट्ट्यापट्ट्यानं वापरलेलं सापडतं. रंग एकच, पण उजेड पडला की पट्टे दिसतात. तुमच्या मुलीला हे आधीच माहीत असेल तर माझी शंभरातली साठ काळजी मिटली.

मात्र कॅमेऱ्याला इतिहास कळत नाही, त्याचे नखरे वेगळे. अगदी बारीक रेघांचं कापड डिजिटल पडद्यावर लहरी मारतं. एका कार्यशाळेत मला दोन लाल तुकडे दाखवले होते. खिडकीपाशी जुळे भाऊ. चित्रीकरणाच्या दिव्याखाली नेले तर एक विटकरी झाला, दुसऱ्यावर गुलाबी झाक आली. एक मंजिष्ठेत रंगवलेला होता, दुसरा रासायनिक रंगातला. म्हणजे अचूक काय आणि अचूक दिसतं काय, हा वाद विणकराला रोज घालावा लागतो, आणि बरेचदा तो हरावाही लागतो.

आता हिशेब. तो वडिलांनी मुलीसोबत बसून करावा असा आहे. समजा एका झग्याला चार मीटर कापड लागतं. नायिकेचा एक, बदली कलाकाराचा एक, चिखलात पडल्यानंतरचा एक, फाटलेला एक, हाताशी राखून ठेवलेला एक. झाले २० मीटर, सगळं एकाच रंगणीतलं, कारण दुसऱ्या वेळी रंग तंतोतंत जुळेल याची खात्री नसते. धुतल्यावर कापड आटतं, मागावर शेवटी दशा उरतात, म्हणून ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, २३-२४ मीटरचा घ्यायचा. पन्हा ७० सेंटिमीटर आणि सेंटिमीटरला २४ धागे धरले तर १,६८० धागे होतात. त्यातला प्रत्येक धागा हातानं ओवायचा, मग फणीतून काढायचा. एक जरी चुकीच्या जागी गेला तरी ती रेघ शेवटच्या मीटरपर्यंत सोबत येते. हे संपल्यावर विणकाम सुरू. साधी वीण, सराईत हात असला तर दिवसाला तीन-चार मीटर निघावं. सेटवरच्या पडद्यांसाठी किंवा खुर्च्यांसाठी जुन्या पद्धतीचं मखमल हवं असेल तर आणखी वेगळं. व्हेनिसच्या बेव्हिलाक्वा कंपनीत अठराव्या शतकातल्या मागांवर नक्षीचं मखमल अजून विणतात. दिवसाला साधारण ३० सेंटिमीटर.

आणि मागणी येते ती कायम उशिरा. पटकथा बदलते, कलाकार बदलतो, चित्रीकरणाची तारीख मात्र हलत नाही.

म्हणून पोटाचं स्पष्ट सांगतो : फक्त सिनेमावर वर्ष भरत नाही. या कामात टिकलेली माणसं तेच कसब तीन-चार दारांत विकतात. संग्रहालयांना प्रतिकृती लागतात, जुन्या वाड्यांच्या आणि राजवाड्यांच्या जीर्णोद्धाराला मूळ नमुन्याबरहुकूम पडदे लागतात, रंगभूमीला आणि ऑपेराला पोशाख लागतात. फ्रान्सच्या लिऑनमधली प्रेल ही रेशीम विणणारी कंपनी १७५२ पासून चालू आहे, ती ऐतिहासिक वास्तूंच्या कामांवर नाव राखून आहे. तुमच्या मुलीनं पहिली काही वर्षं छोट्या मागण्या घेणाऱ्या एखाद्या गिरणीत किंवा कार्यशाळेत पगारावर काढावीत, असं माझं मत. घरच्या मागावर थेट धंदा मांडू नये.

वेशभूषेच्या अभ्यासक्रमाबाबत मी तुमच्याशी सहमत नाही. तिथं ती चित्रं काढायला आणि कापड निवडायला शिकेल, विणायला नाही. शिवणकक्षात तीन-चार महिने उमेदवारी केली तरी पुरे. कात्री कशी चालते हे विणकराला दिसायला हवं. तिचा वेळ तीन गोष्टींवर जावा. एक, यंत्रमाग आणि संगणकावरची वीणरचना. नमुना हातमागावर, पण वीस मीटर बहुधा यंत्रावर, हे वास्तव आहे. दोन, रंगाचं रसायनशास्त्र. तिसरी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे जुनं कापड वाचणं : भिंगाखाली धागे मोजणं, पीळ ओळखणं, वीण कागदावर उतरवणं. लिऑनमध्ये १९५४ पासून जुन्या वस्त्रांच्या अभ्यासाची ‘सिएटा’ ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे, ती याचं तांत्रिक प्रशिक्षणही देते. कोपनहेगन विद्यापीठाचं वस्त्रसंशोधन केंद्र २००५ मधलं. तिथं पुरातत्त्ववाले आणि विणकर एकत्र काम करतात. आत्ताच एवढ्या दूर जाणं जमणार नसेल तर हरकत नाही. अनेक मोठी संग्रहालयं आधी वेळ ठरवून अभ्यासकांना साठ्यातलं कापड बघू देतात. त्यासाठी पदवी आड येत नाही, नीट लिहिलेलं पत्र लागतं.

व्यवहाराच्या दोन गोष्टी तुम्ही तिला शिकवा, त्या महाविद्यालयात शिकवत नाहीत. सुताचे पैसे आगाऊ घ्यायचे, कारण प्रसंग कापला गेला तरी सूत तुमच्या गळ्यात उरतं. आणि मंजूर झालेल्या नमुन्याचे दोन तुकडे करून दोन्हींवर सह्या घ्यायच्या, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. ‘आम्ही असा रंग सांगितलाच नव्हता’ हे वाक्य या धंद्यात फार स्वस्त आहे.

शेवटी एक गृहपाठ. खऱ्या तुकड्याची मोजमापं मिळवून तिला शाल पुन्हा विणायला सांगा, फक्त दोन मीटर. झाली की तिच्याच हातात कात्री, पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश द्या. सिनेमात कापड जुनं दाखवायला ते असंच घासतात, फाडतात, मळवतात, आणि पडद्यावर दिसतं ते चार सेकंद. तिला ते करवतं का बघा, आणि मग मला परत लिहा.