बडोद्यात सातशे रुपयांत अर्धी खिडकी

तुम्ही विचारलंय की बडोद्यात तीन दिवस काढायचेत, बरोबर बायको आणि सासूबाई आहेत, खोलीला रोज हजाराच्या वर द्यायचे नाहीत, तर स्टेशनजवळच्या जुन्या लॉजमध्ये राहण्यात धोका आहे का. धोका नाही. गंमत मात्र आहे, ती सासूबाईंना कितपत मानवेल ते तुम्हीच ठरवा.

मी डोंबिवलीचा. मावशी लग्न होऊन बडोद्याला गेली, दांडिया बाजारात तिचं घर. दोन वर्षांपूर्वी मावसभावाच्या मुलाची मुंज होती. घरात चौदा माणसं आणि संडास एक, हे पाहून मी मुकाट्याने स्टेशनजवळच्या सयाजीगंजात खोली घेतली. मावशी अजून बोलून दाखवते, "घर असताना लॉजवर राहिलास, लोक काय म्हणाले असतील!" लोक काही म्हणाले नाहीत. उलट मुंजीच्या दिवशी सकाळी दोन मामा टॉवेल खांद्यावर टाकून अंघोळीला माझ्याकडे हजर.

लॉजचं नाव इथे लिहीत नाही. भाडं सातशे. लिफ्ट होती, पण दुसऱ्या मजल्यापर्यंतच, कारण तिसरा मजला नंतर चढवलेला. माझी खोली अर्थातच तिसऱ्यावर. पूर्वी तिथे एक मोठा हॉल असावा. मधे प्लायवूडची भिंत घालून त्याच्या दोन खोल्या केलेल्या, आणि ती भिंत आली ती नेमकी खिडकीच्या मध्यावर. एक झडप माझ्याकडे, एक शेजाऱ्याकडे. माझ्या झडपेतून सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेचा घुमट दिसायचा, विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा. पण अर्धाच. उरलेला अर्धा शेजाऱ्याच्या वाट्याला.

खरी मजा पुढे. बोर्डावर नऊ बटणं. एकाने दिवा लागला, एकाने गीझर. पंख्याचं बटण काही सापडेना म्हणून एकेक दाबत गेलो, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "ओ दादा, पंखा बंद झाला ना!" मी म्हटलं, "माझा तर लागतच नाहीये!" पलीकडे मिनिटभर खटखट झाली आणि माझा पंखा गरगरायला लागला. हॉलचे दोन तुकडे केले, वायरिंग कोण बदलतो? शेजारी नंदुरबारचा, बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर. त्याला रात्रभर उकडायचं, मला पहाटे गारठा वाजायचा. शेवटी ठरवलं, भिंतीवर एक टकटक म्हणजे बंद कर, दोन म्हणजे लाव. खाली तक्रार केली. काउंटरवरचे काका गुजराती, पण एरवी आपल्याशी फाडफाड मराठीत बोलणारे. तक्रार म्हटल्याबरोबर गुजरातीत शिरले, "रहेवा दो ने भाई, बेउ सारा माणस छो." म्हणजे राहू द्या हो, दोघंही चांगली माणसं आहात. विषय संपला. तसं शहर गायकवाडांचं, त्यामुळे मराठीवाचून तुमचं फारसं अडणार नाही.

आता कामाचं. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालात तर पहाटे चार-पाचला उतराल. त्यामुळे खोली घेण्याआधी विचारा, चेकआउट चोवीस तासांचा की दुपारी बाराचा. बाराचा असेल तर पहाटे आत शिरलात की दुपारी एक दिवस भरला. चोवीस तासांचा असेल तर निघायच्या दिवशी पहाटे पाचला गाशा गुंडाळावा लागतो, आणि सासूबाईंसकट ते जमणार नाही. मी वेटिंग रूममध्ये तोंड धुतलं, चहा घेतला आणि उजाडल्यावर खोली घेतली. ओळखपत्र तिघांचंही मागतील, कारण पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे द्यावी लागते. पैसे द्यायच्या आधी खोली बघा आणि नळ सोडून बघा. पडदा ओढून बघायला विसरू नका, मला दाखवलेल्या पहिल्या खोलीत फुलाफुलांच्या पडद्यामागे चक्क भिंत होती.

पावसाळ्यात जाणार असाल तर तळमजला नको. विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. थट्टा नाही, २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या. नवरात्रात मात्र आधी बुकिंग केल्याशिवाय जाऊच नका, गरब्याच्या दिवसांत सातशेची खोली सातशेला मिळत नाही.

रात्रीच्या गोंधळाची भीती असेल तर ती मनातून काढा. गुजरातेत राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. चोरून पिणारे पीतच असतील, पण आपल्याकडे स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये रात्री अकरानंतर जिन्यात जो तमाशा चालतो तो मला तिथे दिसला नाही. (बॅगेत काही 'सामान' घेऊन जाऊ नका, हे सांगायला नकोच.)

एवढं करून तिथेच का राहायचं? कारण पाय. स्टेशनच्या एक नंबर फलाटाच्या बाजूने बाहेर पडलात की सयाजीगंज, पलीकडच्या बाजूला अलकापुरी, तिथे खोल्या चांगल्या पण महाग. सयाजीगंजातून काळ्या घोड्यापाशी चालत जा, म्हणजे सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी. तिथेच सयाजीबाग, जुने लोक कमाटीबाग म्हणतात. १८७९ ची बाग. पहाटे सहाला मी रोज तिथे जायचो. आतलं म्युझियम १८९४ चं, इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा एकाच छपराखाली. सांगाड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाताना आमचे दोन्ही मामा पहिल्यांदाच गप्प झालेले मी पाहिले. लक्ष्मी विलास पॅलेस आणि तिथलं राजा रविवर्म्याच्या चित्रांचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढा वार सांभाळा. दांडिया बाजारात तांबेकरांच्या वाड्यातली भिंतीवरची चित्रं बघाच, तिथवर रिक्षा करा. आणि सकाळी सेवउसळ. तर्री वेगळी देतात, तीही लागेल तेवढी. मावशीच्या मते मिसळीची सर नाही, पण ती स्वतः आठवड्यातून दोनदा आणवते.

राहता राहिल्या सासूबाई. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट कुठल्या मजल्यापर्यंत जाते ते फोनवरच विचारा, नुसतं "लिफ्ट आहे का" विचारू नका. संडास कमोडचा आहे का तेही विचारून घ्या. आणि खिडकी अर्धी निघाली तर घ्या खुशाल, फक्त पंख्याचं बटण ज्या खोलीत आहे ती आपल्याकडे राहू द्या.