शेअर केलेल्या हार्ड डिस्कवर डाउनलोड का अडकतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेले प्रश्न काढून बसलो तर निम्म्याच्या वर एकच गाऱ्हाणं. घरात नाहीतर ऑफिसात सगळ्यांना मिळून एक हार्ड डिस्क राउटरला लावलीय, आणि तिच्यावर फाइल डाउनलोड करायला गेलं की "फेल्ड" म्हणून येतं. बेळगाव शहरातनं, खानापुरातनं, निपाणी-चिकोडीकडनं, सगळीकडनं तेच. आणि लिहिणारा प्रत्येकजण त्याआधी इंटरनेटवाल्याशी भांडून आलेला असतो.

म्हणून आधी सगळ्यांनाच एक सांगतो. तुमची फाइल दोन प्रवास करते. पहिला बाहेरच्या सर्व्हरपासून तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत, आणि दुसरा तिथनं त्या डिस्कपर्यंत. ब्राउझरला तुम्ही थेट झेड ड्राइव्ह, म्हणजे कॉम्प्युटरवर ती शेअरची डिस्क ज्या नावानं दिसते तो, दाखवलात की दोन्ही एकाच वेळी चालतात आणि कुठला तुटला ते ब्राउझर काही सांगत नाही. तेव्हा फाइल आधी डेस्कटॉपवर उतरवा, पूर्ण उतरली की मग डिस्कवर कॉपी करा. डेस्कटॉपवरच अडकली तर नेटकडं बघा. कॉपी करताना अडकली तर इंटरनेटवाल्याचा काही संबंध नाही, दोष घरातच आहे. हे करून बघितल्याशिवाय मला लिहू नका असं म्हणत नाही, पण करून लिहिलंत तर उत्तर लवकर मिळेल.

प्रश्न: टिळकवाडीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवरनं राउटरच्या डिस्कवर उतरवतो. लहान फाइली येतात, मोठी आली की बरोबर 4 जीबीच्या आसपास बंद पडते, "जागा नाही" म्हणतंय. डिस्कवर तर 700 जीबी मोकळी आहे.

जागा आहे हो, पण डिस्क फॅट32 मध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या एका जुन्या पद्धतीत, फॉरमॅट केलेली दिसते. त्या पद्धतीत एका फाइलचा आकार 4 जीबीला एक बाइट कमी, म्हणजे 4,29,49,67,295 बाइट, याच्या पुढं जाऊच शकत नाही, मग डिस्क कितीही मोठी असू दे. नेट बदलून, राउटर बदलून, पेन ड्राइव्ह लावून काही उपयोग नाही. इलाज म्हणजे डिस्क एनटीएफएस नाहीतर एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतींत आणणं. विंडोजमध्ये कन्व्हर्ट म्हणून कमांड आहे, ती फॅट32 चं एनटीएफएस करते आणि आतला डेटा तसाच ठेवते. तरी माझं ऐका, आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या, कारण मधेच लाइट गेली तर काय होईल त्याची हमी कोणी देणार नाही. आणि तुमच्या राउटरला एनटीएफएस किंवा एक्सफॅट वाचता येतं का ते त्याच्या माहितीपुस्तिकेत आधी बघा, सगळ्यांना येत नाही. दुकानातला पोरगा "फॉरमॅट मारून देतो" म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. गिऱ्हाइकांच्या लग्नाचे व्हिडिओ आहेत त्यात, ते पुसले गेले तर लग्न काय परत लावणार?

प्रश्न: 1 टीबीची डिस्क घेतली, कॉम्प्युटर 931 जीबी दाखवतोय. फसवलं का?

नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या पटीत.

प्रश्न: खानापुरात माझं ऑनलाइन सेंटर आहे. लोकांचे उतारे, दाखले डाउनलोड करून नेटवर्कच्या डब्यात ठेवतो. फाइलला पूर्ण नाव, गाव, सर्व्हे नंबर, कशासाठी पाहिजे ते सगळं मराठीत लिहितो, कधी कन्नडमध्ये पण. काही फाइली सेव्ह होतात, काही होत नाहीत. इंग्रजी नावाच्या सगळ्या होतात. मराठीचा प्रॉब्लेम आहे काय?

हा प्रश्न मला आवडला, कारण इंग्रजीतली माहिती वाचून याचं उत्तर सहसा सापडत नाही आणि आपल्याकडं तर दोन-दोन लिपी रोजच्या कामात आहेत.

मराठीचा दोष नाही, लांबीचा आहे. असे डबे, म्हणजे सगळ्यांना मिळून वापरायला नेटवर्कला लावलेली डिस्कची पेटी, बहुतेक आतनं लिनक्सवर चालतात आणि तिथं फाइलच्या नावाला 255 बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या आणि कन्नडच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नाही, काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "खानापूर" बघायला चार अक्षरं, पण चिन्हं सात, म्हणजे 21 बाइट. असं 85 चिन्हांतच नाव संपतं. विंडोजवर तीच फाइल नीट बसते, कारण तिथं मोजायची रीत वेगळी, म्हणून डेस्कटॉपवर दिसते आणि डब्यावर जात नाही. डब्यातलं फोल्डर पासवर्ड टाकून एन्क्रिप्ट केलेलं असेल तर काही डब्यांत ही मर्यादा आणखी खाली, 143 बाइटवर येते. म्हणजे जेमतेम 47 चिन्हं.

तेव्हा गावाचं फोल्डर करा, नाव थोडक्यात, सर्व्हे नंबर आकड्यात. आणि सर्व्हे नंबर 45/2 असा तिरक्या रेघेनं लिहू नका, ती रेघ आणि प्रश्नचिन्ह, तारा, विसर्गासारखे दोन ठिपके, हे फाइलच्या नावात चालत नाहीत, मधे आडवी रेघ घाला. लोकांची कागदपत्रं आहेत म्हणून अजून एक विनंती, त्या डब्याला पासवर्ड आहे ना ते आजच्या आज बघा. नसला तर का पाहिजे ते पुढच्याच उत्तरात आहे.

प्रश्न: निपाणीत तंबाखूचा व्यापार आहे. वखारीच्या ऑफिसात 2012 सालचा नेटवर्कचा डबा आहे, सगळा हिशेब त्याच्यावर, दहा वर्षं छान चालला. नवीन विंडोज 11 चा कॉम्प्युटर आणला, त्याच्यावरनं डबा उघडतच नाही, सेव्ह काय करणार. भाच्यानं व्हिडिओ बघून सांगितलं, एसएमबी वन चालू करायचं, फायरवॉल बंद करायची, "एव्हरीवन"ला फुल कंट्रोल द्यायचा, झालं. करू काय?

करू नका. भाच्यानं केलं असेल तर आजच बंद करा.

एसएमबी म्हणजे कॉम्प्युटरनं डब्याशी बोलायची भाषा. वन ही तिची 1980 च्या दशकातली जुनी आवृत्ती. एसएमबी टू 2006 मध्ये आली, थ्री 2012 मध्ये. मायक्रोसॉफ्टच्याच नेड पाइल यांनी सप्टेंबर 2016 मध्ये लिहून ठेवलंय की एसएमबी वन वापरणं थांबवा. लोकांनी थांबवलं नाही. मार्च 2017 मध्ये त्यातली भोकं बुजवणारा अपडेट आला, तो पण किती जणांनी घातलाच नाही. 12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला आणि त्याच भोकातनं शिरून दीडशे देशांत दोन लाखांच्या वर कॉम्प्युटरवरच्या फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना पेशंट परत पाठवावे लागले. म्हणून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नवीन विंडोजमध्ये एसएमबी वन बंद करूनच द्यायला लागले. तुमचा नवीन कॉम्प्युटर डबा उघडत नाही हा बिघाड नाही, तो तुम्हाला वाचवतोय, आणि व्हिडिओवाला ते दार परत उघडायला सांगतोय. त्याला व्ह्यूज मिळतात, तुमच्या हिशेबाच्या वह्या त्याच्या नाहीत. माझा राग भाच्यावर नाही हो, मदत करायलाच गेला तो. माझा राग दोन मिनिटांत जुगाड शिकवून पुढचं काहीच न सांगणाऱ्यांवर आहे.

आणि असले प्रोग्रॅम शेअर ड्राइव्ह सोडत नाहीत. एका कॉम्प्युटरवर शिरला की झेड ड्राइव्ह म्हणून जे काय जोडलेलं आहे ते पण कुलूपबंद करतो, त्यात "एव्हरीवन"ला फुल कंट्रोल, म्हणजे कोणालाही सगळे हक्क, दिलेला असला तर त्याला कोणी अडवायलाच नाही. डबे स्वतः पण सुटत नाहीत. जानेवारी 2022 मध्ये डेडबोल्ट म्हणून एक आला, त्यानं क्यूनॅप कंपनीचे इंटरनेटला उघडे ठेवलेले डबे धरले. जून 2021 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या डब्यांवरचा डेटा बाहेरनं कोणीतरी पुसून टाकला, आणि त्या डब्यांना शेवटचा अपडेट 2015 मध्ये मिळालेला. जुना डबा "छान चालतो" म्हणजे फक्त मोटर फिरते एवढंच.

आता करायचं काय. डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एसएमबी टू किंवा थ्री चालू करायची सोय आहे का बघा, पुष्कळ डब्यांत असते पण बंद ठेवलेली. नसली तर कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचा शेवटचा फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतला चालवणारा प्रोग्रॅम, बघा. टू चालू असून पण उघडत नसेल तर बिनपासवर्डचं, गेस्ट म्हणून शिरणं हे कारण असेल. विंडोज 11 प्रो मध्ये 2024 च्या 24एच2 आवृत्तीपासून ते बंद आहे, तेव्हा डब्यावर नाव-पासवर्ड तयार करा आणि त्यानं शिरा. यातलं काहीच होत नसेल तर डब्याचं आयुष्य संपलं. जुन्या कॉम्प्युटरवरनं सगळा डेटा बाहेर काढा आणि नवीन घ्या. वखारीचा हिशेब त्याच्यावर आहे म्हणता, तर फर्मवेअर घालायच्या आधी जाणकार माणसाला एकदा प्रत्यक्ष दाखवा, अर्धवट फर्मवेअरनं चालता डबा पण बसतो. आणि एक वेगळी यूएसबी डिस्क ठेवा, आठवड्यातनं एकदा कॉपी करायची आणि काढून कपाटात ठेवायची. जोडलेलीच राहिली तर तो बॅकअप नाही.

प्रश्न: डाउनलोड मॅनेजर "झेड ड्राइव्ह सापडत नाही" म्हणतो, माय कॉम्प्युटरमध्ये तर दिसतोय.

तो "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करून चालवताय. साधा उघडा.

प्रश्न: वडगावात आम्ही साड्यांचं डिझाइन करतो. पावसाळ्यात लाइट ये-जा करते. आली की झेड ड्राइव्हवर लाल फुली, रात्री लावलेलं डाउनलोड फेल. कधी परत जोडला जातो, कधी नाही.

लाइट आल्यावर राउटर प्रत्येकाला परत पत्ता वाटतो आणि डब्याला कालचा मिळेलच असं नाही. तुमचा झेड ड्राइव्ह जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवतोय. राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणून सोय असते, तिथं डब्याचा पत्ता कायमचा बांधून टाका. कधीकधी नुसता डबा सावकाश चालू होतो आणि कॉम्प्युटर आधी, तेव्हा पाच मिनिटं थांबून लाल फुलीवर दोनदा क्लिक करा, जोडला जातो.

पण खरा इलाज यूपीएस. राउटर आणि डबा दोन्ही त्याच्यावर पाहिजेत, नुसता कॉम्प्युटर घालून उपयोग नाही. लिहिता लिहिता करंट गेला तर ती फाइल तर जातेच, कधी डिस्कची सगळी यादीच बिघडते. अर्धी राहिलेली फाइल आकारानं पूर्ण दिसली तरी विश्वास ठेवू नका, उघडून बघा. मोठी कॉपी असेल तर विंडोजमधली रोबोकॉपी कमांड वापरा, तिच्यात तुटल्या ठिकाणापासून पुढं चालू करायचा पर्याय आहे. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा, समोरच्या घरातनं लॅनची वायर ओढून आणली असेल तर ती पण काढा. घरातलं अर्थिंग शेवटचं कधी तपासलंय? वायरमनला बोलवा.

प्रश्न: चिकोडीला शिक्षक आहे. ऑनलाइन 16 टीबीची छोटीशी डिस्क 1,800 रुपयांना मिळाली. राउटरला लावली, डाउनलोड होतं, यादीत फाइल दिसते, पण उघडत नाही. सुरुवातीच्या तेवढ्या उघडतात.

गुरुजी, ती 16 टीबीची नाहीच. आत एखादं लहान मेमरी कार्ड असतं आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगणारा प्रोग्रॅम. खरी जागा भरली की पुढचं लिखाण कुठंच राहत नाही, यादीत नाव तेवढं उमटतं. खरी 16 टीबीची डिस्क साडेतीन इंची, जाडजूड, वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी असते आणि किंमत पाच आकडी. एच2टेस्टडब्ल्यू म्हणून फुकटचा प्रोग्रॅम आहे, तो डिस्क भरून परत वाचून बघतो. उघडताहेत तेवढ्या फाइली आधी बाहेर काढा, टेस्ट लावा, त्याचा फोटो काढा आणि परत करायची मुदत संपायच्या आत तक्रार टाका. विकणारा "फॉरमॅट करून बघा" म्हणून दिवस घालवेल, त्याला भुलू नका. शिकवताना लागणारे व्हिडिओ असल्या डिस्कवर एक दिवस पण ठेवू नका.

प्रश्न: शहापूर. डाउनलोड दरवेळी वेगवेगळ्या ठिकाणी थांबतं, डिस्कमधनं टिक टिक आवाज येतो. चालू-बंद केलं की थोडा वेळ चालते. वडिलांचे सगळे फोटो त्यात आहेत. गणपती झाले की दाखवू म्हणतोय. कोणीतरी फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं.

फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. आणि गणपतीपर्यंत थांबू नका. डाउनलोड आत्ता बंद करा, परत परत चालू-बंद करणं पण बंद.

टिकटिकीचं एक साधं कारण असू शकतं. राउटरच्या जुन्या यूएसबी पोर्टमधनं 500 मिलिअँपिअरच मिळतो, तेवढ्यावर काही डिस्क नीट फिरत नाहीत. म्हणून एकदाच, फक्त एकदाच, ती राउटरवरनं काढून छोट्या चांगल्या केबलनं कॉम्प्युटरच्या मागच्या यूएसबी 3 पोर्टला लावा. आवाज गेला आणि फोल्डर दिसले तर बाकी काही न बघता आधी वडिलांचे फोटो कॉपी करा. नंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 05 आणि सी5 या ओळी बघा, तिथं शून्याशिवाय काही असलं तर ती डिस्क कामातनं काढा.

आवाज चालूच राहिला तर लगेच प्लग काढा. टिकटिकणाऱ्या डिस्कमध्ये वाचणारी सुई खराब असते आणि प्रत्येक फेरीला ती तबकडी खरवडू शकते, जेवढा वेळ चालवाल तेवढे फोटो कमी. रिपेअर, चेकडिस्क, रिकव्हरीचे फुकट प्रोग्रॅम, काही चालवू नका. डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडं न्या, तिथं आधी विचारा की स्वच्छ खोलीत उघडता का, डेटा नाही मिळाला तर पैसे किती घेणार, आणि दोन्ही लिहून मागा. तिथंच टेबलावर स्क्रू काढायला लागला तर डिस्क परत घ्या आणि बाहेर पडा. कुठं न्यायची ते ठरत नसेल तर डिस्कवरच्या लेबलचा फोटो काढून मला पाठवा, तोवर ती बंदच राहू दे.