रात्रभर ठाण्यात बसवलं, कागदावर मात्र काहीच नाही

प्रश्न : फौजदार अण्णा, मी तापीकाठचा केळी उत्पादक. आमच्या शिवारातल्या विहिरींवरून मोटारीची केबल चोरीला गेली. संशयावरून माझ्या बावीस वर्षांच्या मुलाला संध्याकाळी ठाण्यात नेलं. मी डबा घेऊन गेलो तर मला बाहेरच्या बाकावर बसवलं. आत 'नाव सांग' म्हणत त्याच्या तळपायांवर पट्टा मारला. सकाळी सोडून दिलं. कुठे सही नाही, कागद नाही. पोलीस पाटील म्हणतात, मिटवून घ्या, पुढे काम पडतं. आता शेजाऱ्याची केबल गेली, तर तो तक्रारच देत नाही. म्हणतो, उद्या मलाच बसवतील. काय करावं?
– एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : नाना, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी फोनवर सांगितलं, ते बाकीच्यांसाठी पुन्हा लिहितो. आधी सरकारी दवाखाना. डॉक्टरांना 'पोलिसांनी मारलं' असं स्पष्ट सांगायचं आणि एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी मारहाणीची वैद्यकीय नोंद, करायला लावायची. तळपायाचा मार थोड्या दिवसांत दिसेनासा होतो. पट्टा तिथे मारतात तो त्याचसाठी. माझं आयुष्य खाकीत गेलं, म्हणून हे सांगताना जीव तुटतो.

पळणाऱ्याला धरताना, अंगावर येणाऱ्याला आवरताना लागेल तेवढा जोर लावायची मुभा कायद्याने पोलिसाला दिली आहे. माणूस ताब्यात येऊन बाकावर बसला की ती मुभा संपते. कबुलीसाठी किंवा माहिती काढण्यासाठी मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे. साध्या दुखापतीलाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि मारून मिळतं काय? पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. त्या कबुलीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग पुरावा म्हणून घेता येतो. 'मुद्देमाल काढून दे' म्हणत पट्टा उचलला जातो तो या एका फटीसाठी. चोर सापडला नाही तरी तपास झाल्यासारखा दिसतो, हा वरच्या साहेबाला दाखवायचा उद्योग आहे.

तुमच्या मुलाची अटक कागदावर दाखवलेली नाही. अटक दाखवली असती तर कारण सांगावं लागलं असतं, घरच्यांना कळवावं लागलं असतं, वैद्यकीय तपासणी झाली असती, चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करावं लागलं असतं. तिथे मॅजिस्ट्रेट विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' तो प्रश्न टाळण्यासाठीच रात्रभर 'चौकशीला' बसवतात.

म्हणून खरा साक्षीदार ठाण्यातला कॅमेरा आहे. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअपपासून व्हरांड्यापर्यंत सीसीटीव्ही लावायला सांगितलं. चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तिथे निदान वर्षभर जपायचं असा आदेश आहे. पण आदेशावर विसंबून राहू नका. तारीख आणि वेळ लिहून 'हे चित्रण जपून ठेवावं' असा अर्ज आजच ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. डबा घेऊन तुम्ही कधी आलात, किती वाजता कोणी अडवलं, हेही त्यात लिहा. व्हरांड्यात तुम्हीसुद्धा दिसत असाल.

अधीक्षकांनी दाद दिली नाही तर पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. प्रकाश सिंग यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिलेल्या निकालातून ही व्यवस्था आली. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं, मात्र घटनेपासून वर्षाच्या आत. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत विचारा.

पोलीस पाटलांचा सल्ला मला मान्य नाही. 'पुढे काम पडतं' म्हणून आज गप्प बसलात तर पुढच्या वेळी त्याच बाकावर दुसऱ्याचं पोर असेल. धुळ्यात ६ जानेवारी २०१३ ला दंगलीत पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. पुढे काही पोलीसच तोडफोड करताना व्हिडिओत दिसले आणि त्यांना अटक झाली. व्हिडिओ नसता तर लोकांचं म्हणणं कोणी ऐकलं असतं?

तुमचा शेजारी तक्रार देत नाही, याची मला तुमच्या मुलाच्या माराइतकीच काळजी वाटते. केबल चोर कोण, भंगारात तांबं कुठे विकलं जातं, रात्री कुठली गाडी शिवारात फिरली, हे गावाला ठाऊक असतं. गाव बोललं तर तपास दोन दिवसांत लागतो. एका रात्रीच्या पट्ट्याने ठाण्याने अख्ख्या शिवाराची तोंडं बंद केली. आता तिथला हुशार हवालदारही आंधळाच झाला.

शेजाऱ्याला एकटं पाठवू नका. ज्यांची केबल गेली ते सगळे मिळून जा, एफआयआरची प्रत मागा; ती फुकट द्यावी लागते. नोंद घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तीच तक्रार लेखी अधीक्षकांना पाठवा. मुलाच्या मारहाणीचा अर्ज मात्र वेगळा द्या, दोन्ही एका कागदावर आणू नका. चोरीच्या तक्रारीत मारहाण लिहिली की दोन्ही तक्रारी बाजूला पडतात.